पाण्याची गोळी कधी घेता? भांडुपमधल्या एका रुग्णाच्या निमित्ताने हार्ट फेल्युअर सिस्टरचं काम

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्याच्या आजाराचा, रुग्ण हॉस्पिटलातून घरी जातो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड, सात-आठ औषधांची चिठ्ठी आणि पुढच्या ओपीडीची तारीख असते. ती तारीख बहुधा महिना-दीड महिन्यानंतरची. या आजारात पुन्हा भरती होण्याचा आणि दगावण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच सुरुवातीच्या आठवड्यांत. या मधल्या दिवसांत रुग्णाकडे कोणी बघायचं? हॉस्पिटलला वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील. फॅमिली डॉक्टर म्हणतात, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्यात मी कशाला हात घालू. पुढे मांडलेलं प्रकरण त्या मधल्या दिवसांचं आहे, आणि त्याच दिवसांसाठी नेमलेल्या एका सिस्टरच्या कामाचं.

मी एका धर्मादाय दवाखान्यात फिजिशियन आहे. आमच्याकडच्या हार्ट फेल्युअर सिस्टरनी अनेक वर्षं आयसीसीयूत (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) काढली, मग या आजाराचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. आठवड्यातून दोन दिवस त्या दवाखान्यात रुग्ण तपासतात, उरलेले दिवस वस्त्यांमध्ये घरभेटी करतात. त्यांच्या हातात कार्डिऑलॉजिस्टनी आणि मी सही केलेला लेखी प्रोटोकॉल असतो: कोणतं औषध किती आठवड्यांनी किती वाढवायचं, कोणत्या आकड्याला थांबायचं, कोणत्या लक्षणाला रुग्णाला थेट हॉस्पिटलात धाडायचं.

रुग्ण आणि कार्ड

मावशींचं वय ५९. नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्तीत मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहतात. रस्त्यापासून घरापर्यंत उभ्या पायऱ्या, आणि सार्वजनिक शौचालय खाली रस्त्याला लागून. दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात सकाळच्या पाळीला पोळ्या करतात. साडेसहाच्या सुमाराची धीमी लोकल धरायची आणि दुपारी अडीच-तीनपर्यंत घरी परतायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता.

मधुमेह जुना आहे. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाच्या डाव्या कप्प्याचा बराच स्नायू कमजोर राहिला. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला त्या कप्प्यातून बाहेर ढकललं जाणारं रक्त, ३० टक्के. निरोगी माणसात हा आकडा ५५च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. पंपिंग कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात, आणि ते पाणी आधी पायात, मग पोटात, शेवटी फुप्फुसात साचतं.

पाच महिन्यांत त्या दोनदा भरती झाल्या. दोन्ही वेळी क्रम अगदी तोच. आठवडाभर चपलेचे पट्टे रुतायला लागतात, पायऱ्यांवर दोनदा थांबावं लागतं, झोपताना एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा होतात, आणि मग एका पहाटे आडवंच होता येत नाही म्हणून रिक्षा. हॉस्पिटलात शिरेतून औषध दिलं की चार-पाच दिवसांत सूज उतरते. दुसऱ्यांदा सुट्टी मिळाली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी कार्डावर शेरा होता की पाण्याच्या गोळीचा (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीचा) पुरेसा परिणाम दिसत नाही, म्हणून डोस दुप्पट केला आहे. म्हणजे फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, सकाळी एक आणि दुपारी एक.

बाकीची औषधं अशी: रॅमिप्रिल २.५ मिलिग्रॅम, कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दोनदा, स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम, ॲस्पिरिन, ॲटोर्व्हास्टॅटिन. मधुमेहाच्या औषधापुढे फक्त ‘पूर्वीप्रमाणे’.

पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवणारे औषधांचे चार गट आज ठरलेले आहेत. त्यातले तीन या कार्डावर होते: रॅमिप्रिल, कार्व्हेडिलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन यांचे. पण रॅमिप्रिल आणि कार्व्हेडिलॉल दोन्ही सुरुवातीच्या डोसवर होती, आणि ती वाढवायची कोणी, केव्हा, याचा उल्लेख कुठेही नव्हता. असे रुग्ण वर्षानुवर्षं त्याच पहिल्या डोसवर राहिलेले मी पाहतो. औषध ‘चालू’ असतं, त्याचा पुरेपूर फायदा मात्र पदरात पडत नाही.

चौथ्या दिवसाची घरभेट

सुट्टी झाल्यापासून चौथ्या दिवशी सिस्टर मावशींच्या घरी गेल्या. वजनकाटा आणि बी.पी.चं मशीन पिशवीत. आधी त्यांनी पाय दाबून पाहिले, मानेची शीर पाहिली, फुप्फुसांचा तळ ऐकला. त्यानंतर म्हणाल्या, “मावशी, घरात जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या आणा. जुन्या, नव्या, दुसऱ्या कुणाच्या असल्या तरी.” बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला आणि चटईवर उपडा झाला.

हे काम बघण्यासारखं असतं. सिस्टर पट्ट्या आधी औषधाप्रमाणे लावतात, मग कार्डाशी पडताळतात, मग शिल्लक गोळ्या मोजतात. पाण्याच्या गोळीच्या तीन पट्ट्या निघाल्या. त्यातली एक पहिल्या भरतीनंतर घेतलेली, आणि तीही निम्मी भरलेली. दोन्ही भरतींच्या मधल्या काळात त्या गोळ्या कधीच संपायला हव्या होत्या.

सिस्टरनी “गोळी घेता ना?” असं विचारलं नाही. त्याला सगळेच “हो” म्हणतात. त्यांनी विचारलं, “पाण्याची गोळी कधी घेता?”

मावशी थोड्या घुटमळल्या. “रविवारी घेते.”

“आणि इतर दिवशी?”

“इतर दिवशी कशी घेणार सिस्टर? सकाळी घेतली की गाडीत बसल्यापासून जीव वर-खाली. कांजूर स्टेशन गेलं न गेलं की लघवीला लागते. लेडीज डब्यात उभं राहायला जागा नसते, उतरून जाणार कुठे? आणि कामावर एकच संडास, तोही मालकाच्या खोलीतून. दोनदा गेलं की मालकीण विचारते, बरं नाही का म्हणून.”

“दुपारची?”

“दुपारी गाडीत असते ना मी.”

म्हणजे डोस दुप्पट करण्याचं जे कारण कार्डावर लिहिलं होतं, ते मुळातच उभं राहत नव्हतं. गोळीचा परिणाम होत नव्हता, कारण ती आठवड्यातून एकदाच पोटात जात होती. हॉस्पिटलात दर वेळी सूज उतरायची, कारण तिथे औषध शिरेतून जायचं आणि संडास दहा पावलांवर असायचा.

फ्युरोसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. ते सकाळीच घ्यायला हवं असा काही नियम नाही. रात्रीची झोप मोडू नये आणि दिवसभरात काम व्हावं एवढ्यासाठी सकाळची वेळ सांगितली जाते. सिस्टरनी तिथूनच मला फोन केला. आम्ही ठरवलं की दोनऐवजी एकच गोळी, ती दुपारी साडेतीनला, मावशी घरी येऊन जेवल्यावर. घरात मोरी आहे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत अडचण नाही. रात्री साडेनऊपर्यंत परिणाम ओसरलेला असणार, म्हणजे अंधारात पायऱ्या उतरून शौचालयात जायची वेळ येणार नाही. निम्म्या डोसवरही मला विश्वास होता, कारण तो निदान रोज पोटात जाणार होता.

माझ्या ओपीडीत हे मला कळलं असतं का? एका रुग्णाला मिळतात पाच मिनिटं. त्यात बी.पी., छाती, कार्ड आणि नवी चिठ्ठी. मावशी डॉक्टरांसमोर “हो, घेते” म्हणाल्या असत्या, कारण डॉक्टरांसमोर तसंच म्हणायचं असतं. घरी, चटईवर, सिस्टर मांडी घालून बसलेल्या असताना त्यांनी खरं सांगितलं. विशेषज्ञ नर्सचं काम म्हणजे सल्ल्याची पत्रकं वाटणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तासाभराची भेट बघावी.

डब्यातून आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे गुडघे आणि खांदे दुखणारच. पण या जातीची वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. रॅमिप्रिल आणि पाण्याच्या गोळीबरोबर तर जास्तच. ती बंद करून पॅरासिटामॉल आणि शेक सुरू केला.

दुसरी जास्त गंभीर होती. ‘पूर्वीप्रमाणे’ चालू असलेली मधुमेहाची गोळी तीन औषधांची एकत्र होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. हे तिसरं औषध शरीरात पाणी धरून ठेवतं आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला देऊ नये असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच असतो. दोन भरती होऊनही ते कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं. हॉस्पिटलला गोळीचं फक्त ब्रँडचं नाव माहीत होतं, आणि आत काय आहे ते पट्टीच्या मागच्या बाजूला, भिंगातून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत.

सिस्टर ती गोळी स्वतः बंद करू शकत नाहीत आणि त्यांनी केलीही नाही. मी मावशींच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. वीस वर्षांचे त्यांचे डॉक्टर. त्यांना बाजूला सारून काही बदलणं मला पटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पायोग्लिटाझोन नसलेली गोळी लिहिली आणि तिच्या जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केलं. हे औषध साखरही कमी करतं आणि हार्ट फेल्युअरच्या चार गटांमधला जो गट कार्डावर नव्हता, तोच हा. पेटंट संपल्यापासून ते जेनेरिकमध्ये मिळतं, त्यामुळे मावशींना परवडतं.

निघण्याआधी वजनकाट्याचा धडा झाला. वस्तीतल्या घरांच्या लाद्या उंचसखल असतात आणि काटा सरकवला की वजन अर्धा-एक किलोने बदलतं. सिस्टरनी दोन-तीन जागी ठेवून पाहिला आणि मोरीजवळची एक सपाट लादी ठरवून दिली. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच लादीवर. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाचा हिशेब मांडतात त्याच चौकोनात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सिस्टरना फोन आणि त्या सांगतील तशी एक जादा गोळी. उलट्या-जुलाब सुरू झाले तर, आणि पावसाळ्यात ते होतातच, पाण्याची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन थांबवून लगेच फोन.

मिठाबद्दल

“मीठ कमी करा” हे वाक्य प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असतं आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कमी म्हणजे किती, आणि मीठ येतं कुठून, हे घराघरात वेगळं असतं.

मावशींचं घर मासे खाणारं. १ जून ते ३१ जुलै राज्यात समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते; या दिवसांत ताजी मासळी महाग, म्हणून घराघरात सुकी मासळी निघते. दुसरं कोणी असतं तर “सुकी मासळी बंद” म्हणून मोकळं झालं असतं, आणि मावशींनी मान डोलावून आठव्या दिवशी पुन्हा खाल्ली असती. सिस्टरनी डबे उघडायला लावले. सुके बोंबील बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात. ते चांगले धुऊन आठवड्यातून एखाद्या वेळी, वरून मीठ न घालता, चालतील. खारा बांगडा मात्र मिठात मुरवलेला असतो, तो पूर्ण बंद. पापड, लोणचं, फरसाण बंद. पोळीच्या कणकेत मीठ नको. सैंधव हेही मीठच, उपवासाचं म्हणून वेगळं नाही. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर घेतात, त्यातही सोडियम असतं.

मावशींनी विचारलं, “कामावर भाजी चाखावी लागते, त्याचं काय?” सिस्टर म्हणाल्या, “चाखा आणि थुंका.” मावशी हसल्या, पण कामावर गेल्यावर त्यांनी ते काम सरळ दुसऱ्या बाईकडे दिलं.

डोस वाढवण्याचं काम

पुढचे अडीच-तीन महिने सिस्टरचं जे काम चाललं ते बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. दर दोन आठवड्यांनी नाडी, बसून आणि उभं राहून बी.पी., वजन, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम. सगळं ठीक असेल तर एक पायरी वर. कार्व्हेडिलॉल ३.१२५ वरून ६.२५, मग १२.५. रॅमिप्रिल २.५ वरून ५. क्रिएटिनिन थोडं वाढलं की घाबरून औषध बंद करायची आपल्याकडे सवय आहे. रॅमिप्रिलसारख्या औषधात थोडी वाढ अपेक्षितच असते, आणि किती वाढीपर्यंत धीर धरायचा हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं आहे.

एकदा मध्येच गाडी रुळावरून घसरली. कामावर जाताना मावशींनी एका दवाखान्यात बी.पी. मोजलं, वरचं ९६ निघालं, आणि तिथे कुणीतरी सांगितलं की बी.पी.च्या गोळ्या बंद करा. त्यांनी केल्या. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, त्यांना बी.पी.चा आजार कधीच नव्हता. सिस्टरनी दोन दिवसांत ते पकडलं, कारण ठरल्या दिवसाचा फोन चुकला म्हणून त्यांनीच फोन केला होता. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, लघवी नीट होते. मग ९६ हा आकडा या रुग्णासाठी चालणारा आहे. या गोळ्या बी.पी. उतरवण्यासाठी दिलेल्या नाहीत, हृदयाचा स्नायू सावरण्यासाठी दिल्या आहेत, हे सिस्टरनी सुनेला आणि मुलालाही समोर बसवून सांगितलं. कार्डावर लाल शाईने लिहिलं: बी.पी. कमी दिसल्यास औषध बंद करण्याआधी या नंबरवर फोन करा.

सहाव्या आठवड्यात पोटॅशियम ५.८ आलं. दुसऱ्या आठवड्यात ते ४.६ होतं. ५.५च्या वर गेलं तर स्पायरोनोलॅक्टोन निम्मं करायचं, ६च्या वर गेलं तर बंद करून रुग्णाला हॉस्पिटलात पाठवायचं, असं आमचा प्रोटोकॉल सांगतो. पोटॅशियम जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो. त्याच दिवशी ईसीजी काढला, तो ठीक होता. गोळी निम्मी केली, पुन्हा रक्त पाठवलं. हे सगळं मी दवाखान्यात बसूनही केलं असतं. सिस्टर मात्र संध्याकाळी पायऱ्या चढून पुन्हा घरी गेल्या, कारण चार आठवड्यांत १.२ वाढायला काहीतरी कारण हवं.

कारण ओट्यावरच होतं: ‘लो सोडियम’ मिठाची पिशवी. सून म्हणाली, “तुम्ही मीठ कमी करायला सांगितलंत, म्हणून हे महागातलं आणलं. आईंना आता नेहमीच्या चवीचं जेवण मिळतं.” या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चांगलंच. पण रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम शरीरात रोखून धरतात, त्यात ही भर. जोडीला भेटायला येणारं प्रत्येक माणूस शहाळं आणत होतं, त्यातही पोटॅशियम भरपूर.

सिस्टर सुनेला रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या की एवढं मन लावून करणारी सून सगळ्यांना मिळत नाही. पिशवी शेजारच्या घरी गेली, शहाळी नातवाला. दहा दिवसांनी पोटॅशियम ४.९ आणि स्पायरोनोलॅक्टोन परत पूर्ण डोसवर. कारण सापडलं नसतं, तर मावशींचं एक मोलाचं औषध कायमचं निम्म्यावर राहिलं असतं आणि कार्डावर आणखी एक शेरा पडला असता की रुग्णाला ते सोसत नाही.

ऑगस्टअखेर रॅमिप्रिलच्या जागी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन सुरू केलं. २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर त्याची जेनेरिक गोळी आली आणि किंमत बरीच उतरली. त्याआधी आमच्या रुग्णांना ते नाव सांगण्यातही अर्थ नव्हता. या बदलात दोन औषधांमध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर चेहरा आणि घसा सुजण्याचा धोका असतो. सिस्टरनी कॅलेंडरवर शनिवार सकाळच्या चौकोनात ‘जुनी शेवटची’ आणि रविवार रात्रीच्या चौकोनात ‘नवी पहिली’ असं लिहिलं, आणि जुन्या पट्ट्या स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.

नवरात्रात प्रश्न उभा राहिला. मावशी दर वर्षी नऊ दिवस उपवास धरतात. डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना लांबलचक उपवास धोक्याचा, रक्तात आम्ल वाढू शकतं. शिवाय उपवासाचे वेफर्स आणि तळलेला चिवडा. सिस्टरनी उपवास करू नका असं म्हटलं नाही. उठता-बसता करा म्हणाल्या, पहिला आणि शेवटचा दिवस, फळं-दूध घेऊन. त्या दोन दिवसांसाठी मधुमेहाच्या गोळ्यांचं वेगळं वेळापत्रक माझ्याकडून लिहून घेतलं. मावशींना ते पटलं, देवीलाही चालेल म्हणाल्या.

सहीचा प्रश्न

अशा नर्सेसची कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये लिंकोपिंगला १९९० साली नर्सनी चालवलेलं पहिलं हार्ट फेल्युअर क्लिनिक सुरू झालं आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत विशेषज्ञ नर्सेसनी सुट्टीनंतर घरी जाऊन रुग्ण सांभाळले, तेव्हा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण घटलं. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेसना २००६ पासून स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचा व्यापक अधिकार आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत १०७८ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाचे डोस सुट्टीनंतर दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेले आणि वारंवार तपासलं; सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती या गटात १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २३.३ टक्के.

आपल्याकडचं चित्र बघायचं तर तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या हार्ट फेल्युअर रुग्णांच्या २०१३च्या नोंदणीकडे बघावं. १२०५ रुग्ण, सरासरी वय ६१, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी, आणि वर्षभरात त्यातले ३० टक्क्यांच्या आसपास दगावले. केरळमध्ये हे, जिथली आरोग्यव्यवस्था आपण वाखाणतो. मावशींसारखी कमावती माणसं आहेत ही.

भारतात नर्सला स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक बदलावर त्याच दिवशी माझी सही असते. सिस्टर आकडे पाठवतात, त्यांचं मत लिहितात, मी वाचतो आणि सही करतो. बहुतेक वेळा त्यांचं मत जसंच्या तसं राहतं. ही पद्धत चालते, कारण मी फोन उचलतो. मी गावाला असलो, फोन लागला नाही, की रुग्णाची पायरी आठवडाभर पुढे ढकलली जाते. माझं स्पष्ट मत आहे की लेखी प्रोटोकॉलच्या चौकटीत ठरावीक चार-पाच औषधांचा डोस बदलण्याचा अधिकार प्रशिक्षित नर्सला कायद्यानेच मिळायला हवा. नर्स प्रॅक्टिशनरचे, म्हणजे नर्सला उपचारांचे काही निर्णय घ्यायला शिकवणारे, अभ्यासक्रम देशात सुरू झाले आहेत. ते शिकून आलेल्या मुलींना पुन्हा वॉर्डात बी.पी. मोजायला उभं करायचं असेल, तर शिकवायचं तरी कशाला?

यावर हरकत येते ती डॉक्टरांकडून, आणि ती मी हलकी मानत नाही. चुकीच्या हातात पोटॅशियम ५.८ चं ६.८ होऊ शकतं. म्हणूनच ‘सगळ्या नर्सेस’ असं मी म्हणत नाही. ज्यांनी हा एकच आजार वर्षानुवर्षं हाताळला आहे आणि कुठे थांबायचं हे ज्यांना कळतं, अशांबद्दल बोलतो आहे. मावशींच्या घरी दुसऱ्यांदा पायऱ्या चढून गेलेल्या सिस्टरकडे ती पारख आहे.

पुढे काय झालं

ऑक्टोबरअखेर टू-डी इको पुन्हा केला. पंपिंग ३८ टक्के. पूर्ण उपचारानंतरही आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला असता, तर छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार करावा लागला असता. तो तूर्त टळला. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, आणि यातला किती भाग पायोग्लिटाझोन थांबवल्याचा, किती नव्या गोळ्यांचा, हे वेगळं काढता येणार नाही.

दिवाळीनंतर एकदा वजन तीन दिवसांत सव्वादोन किलोने वाढलं. चकली आणि चिवडा. सुनेने कॅलेंडर बघून सकाळी सातला फोन केला; तीन दिवस जादा गोळी, चौथ्या दिवशी वजन जागेवर. याआधी अशाच वाढीचा शेवट दोनदा रिक्षात झाला होता. जूनपासून आजपर्यंत मावशी भरती झालेल्या नाहीत. कामाचे तास कमी केलेत, पोळ्या लाटणं एका तरुण मुलीकडे गेलं, त्या आता कणीक आणि हिशेब बघतात. पगार त्यामुळे घटला, आणि या बाबतीत आम्ही काही करू शकलो नाही.

सिस्टरचा पगार देणगीतून निघतो आणि दर वर्षी त्याची नव्याने जुळवाजुळव करावी लागते. त्यांच्या यादीत जेवढे रुग्ण आहेत त्याहून जास्त एकट्या व्यक्तीने घेऊ नयेत, असं मीच थांबवलं आहे. दवाखान्यातली दुसरी एक नर्स त्यांच्याबरोबर घरभेटींना जाऊ लागली आहे. सध्या ती फक्त गोळ्यांचे डबे उघडून पडताळणी करते. परिसरातल्या फॅमिली डॉक्टरांना आम्ही प्रोटोकॉलची प्रत आणि एक पत्र पाठवलं: हार्ट फेल्युअरचा रुग्ण सुट्टी होऊन तुमच्याकडे आला की त्याच आठवड्यात आम्हाला कळवा, रुग्ण तुमचाच राहील. मावशींच्या डॉक्टरांनी त्यानंतर दोन रुग्ण पाठवले. बाकीच्यांकडून उत्तर नाही, म्हणून या शनिवारपासून सिस्टर दुपारच्या वेळी एकेकाला दवाखान्यात जाऊन भेटणार आहेत.